बिनदारांचं घर

तिला कॉलेजात सगळे गुण्या म्हणायचे. गुण्या म्हणजे सुताराचं ते काटकोनी हत्यार, फळी सरळ कापली की वाकडी ते सांगणारं. मुलीला असलं नाव ठेवणारे वर्गमित्र कोणत्या लायकीचे असतील ते सोडा, पण नाव चपखल बसलं होतं. भिंत जराशी कललेली दिसली की आधी हिची मान कलायची आणि मग तोंड सुटायचं. सरांनी फळ्यावर काढलेला जिना चुकला तर भर वर्गात उभी राहून सांगायची, आणि सांगून झालं तरी खाली बसायची नाही. आई म्हणायची, हिच्यासाठी मुलगा बघायला जाताना बरोबर ओळंबा न्यावा लागणार आहे.

आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला अर्धं वर्ष बाहेर, एखाद्या ऑफिसात राबायचं असतं. राबणं संपलं की ऑफिसच्या मालकाने सही करायची, मुलीने काम नीट केलं म्हणून. सही मिळाली तर शेवटचं वर्ष. नाही मिळाली तर बस बोंबलत, वर्ष वाया. गुण्याला मिळालं ते ऑफिस साधंसुधं नव्हतं. तिथल्या मॅडमचं नाव काढलं की कॉलेजातले सर उठून उभे राहायचे. घरांची अंतर्गत सजावट करावी ती मॅडमनीच. आणि कॉलेजच्या शेवटच्या परीक्षेला बाहेरून परीक्षक म्हणून यायच्या त्याही मॅडमच. म्हणजे यांच्याशी वाकडं घेतलं तर पुढे जाऊन पुन्हा यांच्याच तावडीत सापडायचं.

गुण्याला पहिलंच काम मिळालं ते सॅम्पल फ्लॅटचं. शहराबाहेर एका बिल्डरची मोठी इमारत उठत होती. इमारत निम्मीही झाली नव्हती, पण तळमजल्यावर एक घर आधीच नटवून ठेवायचं होतं. येणाऱ्याने ते बघायचं, भुलायचं आणि वरच्या मजल्यावरचं, अजून हवेत असलेलं, अगदी तस्संच घर नोंदवून जायचं.

झोपायच्या खोलीतला पलंग गुण्याकडे आला. पोरीने जीव ओतून काढला. मॅडमनी नकाशा हातात घेतला, हसल्या आणि पलंगाच्या पायथ्याशी लाल पेनाने एक रेघ मारली. वीतभर पलंग कापला. मग बाजूने अजून थोडा. गुण्याने विचारलं की यावर माणूस झोपणार कसा. त्यावर अख्खं ऑफिस हसलं. अगं, झोपायला थोडंच आहे ते, सॅम्पल आहे, असं कुणीतरी म्हणालं. या धंद्याची ती रीतच होती. पलंग आखूड करायचा आणि पायथ्याशी जाड रजई दुमडून ठेवायची, म्हणजे लांबी कुणाच्या लक्षात येत नाही. सोफ्याची पाठ बुटकी ठेवायची. कपाट इतकं उथळ की हँगर आडवा मावू नये. विटेची जाड भिंत येणार तिथे प्लायवूडची पातळ फळी उभी करायची, म्हणजे दोन्हीकडच्या खोल्या फुगतात. आणि सगळ्यांत मोठी करामत म्हणजे दारं लावायचीच नाहीत. दार नसलं की खोली मोकळी वाटते. बघणाऱ्याला वाटतं, वा, काय ऐसपैस घर आहे. दार नाही हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

गुण्याला आधी चीड आली, मग गंमत वाटली. खोटं कशाला सांगा, पुढे पुढे ती त्यात रंगलीसुद्धा. आखूड पलंगाला लांब दाखवायचं म्हणजे काही खायचं काम नाही. तिने फळ्यांच्या रेघा लांबीच्या दिशेने घेतल्या, उशा नेहमीपेक्षा लहान केल्या. मिस्त्रीने पलंग ठोकून उभा केला तेव्हा तोही म्हणाला, पोरी, माझ्याच हातचा पलंग मलाच मोठा वाटायला लागला. मॅडम तर खूश झाल्या. अशी नजर दहा वर्षांनी येते, म्हणाल्या. गुण्या घरी गेली ती जमिनीच्या वर चालतच.

आणि घरी जाऊन तिने काय केलं, तर फुशारकी मारली. ताईसमोर.

ताई म्हणजे थोरली बहीण. वडील गेल्यापासून घर तिनेच ओढलेलं. तिला स्वतःला पुढे शिकायचं होतं, पण ती नोकरीला लागली आणि धाकटीला म्हणाली, तू शीक. कॉलेजचे ते महागडे कागद, मॉडेलसाठी पुठ्ठे, सगळं ताईने केलं; एकदाही बोलून दाखवलं नाही. लग्नानंतर ती आणि भाऊजी भाड्याच्या एका खोलीत राहत होते. पलंगावर बसूनच जेवायचं, पलंगाखालीच संसार. त्यात आता ताईला दिवस गेले होते आणि बाळ यायच्या आत स्वतःचं घर हवं, हा तिने ध्यास घेतला होता.

मग व्हायचं तेच झालं. एका रविवारी ताई-भाऊजी हात धरून सॅम्पल फ्लॅट बघायला हजर. अजून उद्घाटन व्हायचं होतं, पण ट्रेनी पोरीची बहीण म्हणून मॅडमनी स्वतः फिरवून दाखवलं. ताई प्रत्येक खोलीच्या मधोमध उभी राहून गोल फिरायची. झोपायच्या खोलीत आली तेव्हा तिचे डोळेच भरून आले. भाऊजी ताडमाड उंच, स्वभावाने गाय. त्यांनी पलंगाकडे बघितलं, जरा मान वाकडी केली आणि आडवं होऊन बघू का, असं विचारलं. मॅडम गोड हसून म्हणाल्या की चादर चुरगळेल. भाऊजी बिचारे ओशाळून मागे सरकले.

"अहो, बघायचं काय त्यात?" ताई म्हणाली. "हिने केलंय. माझ्या बहिणीने केलेल्या घराला आपण माप लावत बसायचं का?"

जी पोरगी सरांना जिना शिकवायची, ती त्या दिवशी मूग गिळून गप्प बसली. का? तर मॅडम शेजारी उभ्या होत्या आणि ताईच्या चेहऱ्यावर असं काही होतं की ते पुसायला हिचा हात उचलेना.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी ती तडक मॅडमच्या केबिनमध्ये गेली आणि म्हणाली की येणाऱ्या लोकांना खरं सांगायला हवं. मॅडम चिडल्या नाहीत. बाई वाईट नव्हत्या, हे सांगायला हवं. नुसत्या वाईट असत्या तर गोष्ट सोपी झाली असती. त्यांनी हिला बसवलं, चहा मागवला आणि समजावलं. खोल्यांची मापं माहितीपत्रकात छापलेली असतात, मोजायची ती लोकांनी मोजावीत. सगळेच बिल्डर हे करतात. आपण नाही केलं तर दुसरं ऑफिस करेल, आणि तुझ्यापेक्षा भिकार करेल. मग जरा पुढे वाकून त्या हळू आवाजात म्हणाल्या की बहिणीची काळजी वाटते ना, तर बहिणीला सांग. मी बिल्डरशी बोलते. त्याच भावात तिला कोपऱ्यातला फ्लॅट मिळेल, हॉल चांगला मोठा आहे. बाकीच्यांचं बाकीचे बघतील.

गुण्याचा जीव भांड्यात पडला. खरंच पडला. उगाच तिला देवी करायला नको. संध्याकाळी ती धावतच ताईकडे गेली आणि सगळं ओकली. पलंग, भिंत, दारं, कपाट, सगळं. ताई ऐकत राहिली.

मग कोपऱ्यातल्या फ्लॅटचा नकाशा गुण्याने पुढे पसरला आणि तेव्हा तिला स्वतःलाच दिसलं. हॉल मोठा होता, एक खिडकी जास्त होती. झोपायची खोली तीच. तेवढीच. मॅडमनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं, फक्त झोपायच्या खोलीचं नाव काढलं नव्हतं.

ती म्हणाली, ताई, हे घेऊ नकोस. ताई भडकली. इतकी वर्षं जी बाई आवाज चढवून बोलली नव्हती ती त्या दिवशी बोलली. म्हणे या खोलीत राहून बघ, मग मला मापं शिकव. म्हणे आम्ही निभावून नेऊ, सगळं जग नेतं. मग एकदम आवाज खाली आला. "आणि तू गप्प राहा. सही घे, शेवटचं वर्ष पुरं कर. तुझं वर्ष गेलं तर ते माझं गेलं, एवढं लक्षात ठेव."

भाऊजी दारातून म्हणाले की दोघी जरा बसून बोला. दोघींनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते पाणी आणायला निघून गेले. घरात नळ असताना.

आता सांगा, काय करायचं होतं पोरीने? ताईला सांगून झालं होतं. सांगायचं तेवढं सांगितलं, हात वर करायला मोकळी. सहीही मिळणार, कोपऱ्यातला फ्लॅटही मिळणार. पण गुण्याला राहून राहून एकच गोष्ट खात होती. ताईला निदान कुणीतरी सांगितलं तरी. बाकीच्यांच्या बहिणी कुठे कामाला होत्या त्या ऑफिसात? आणि ताईला तरी काय सांगितलं? तोंडाने सांगितलं. तोंडाने सांगितलेलं माप कुणाला कळतं? तिला स्वतःला कॉलेजात चार वर्षं घासल्यावर कळायला लागलं होतं.

उद्घाटनाच्या दिवशी उशा फुगवायला आणि फुलदाण्या भरायला तिलाच लवकर पाठवलं होतं. किल्ली तिच्याकडेच होती. मिस्त्री एक सैल खिळा ठोकायला आला होता. तिने त्याच्याकडे खडू आणि दोरी मागितली. कशाला, म्हणून त्याने विचारलं. तिने सांगितलं. मिस्त्रीने खडू दिला, दोरी दिली आणि हात जोडले. म्हणाला, बाई, मी आज इथे आलोच नव्हतो. आणि हत्यारांची पिशवी उचलून पसार झाला.

नकाशात दार कसं काढतात ठाऊक आहे? एक रेघ दाराची. आणि मग ते दार उघडताना जमिनीवरून जेवढं फिरेल तेवढं पाव वर्तुळ. पहिल्या वर्षाच्या पोराने ते वर्तुळ विसरायचं नाही. विसरलं की सर विचारणार, दार काढलंस, पण त्याला उघडायला जागा कुणाच्या बापाची? त्या वर्तुळात काही म्हणजे काही ठेवायचं नसतं. 

गुण्या गुडघ्यांवर बसली. गडद लाकडी जमिनीवर पांढरा खडू झकास उमटत होता. दोरीचं एक टोक बिजागरी येणार तिथे दाबून धरलं, दुसऱ्या टोकाला खडू बांधला आणि खऱ्या दाराच्या मापाचं पाव वर्तुळ फिरवलं. खडू जाऊन पलंगाच्या पायावर थडकला. तिने पलंगाचं खरं माप पायथ्याशी वाढवून आखलं. ते तर सरळ वर्तुळाच्या पोटात शिरलं. खऱ्या विटेच्या भिंतीची जाडी आखली, खऱ्या कपाटाची खोली आखली, कपाटाच्या दारांची वर्तुळं काढली. न्हाणीघराचं दार. स्वयंपाकघराचं दार. एकही रेघ थरथरली नाही. पोरीने अख्खा खरा फ्लॅट त्या खोट्या फ्लॅटच्या पायाखाली काढून ठेवला. मग हात झटकले आणि दारापाशी, म्हणजे दार नव्हतंच, दार असायला हवं होतं तिथे, उभी राहिली.

फीत कापायला अवकाश होता, पण लोक लवकर आले. पहिलं एक म्हातारं जोडपं होतं. आजोबांनी विचारलं, ही रांगोळी कसली? गुण्याने सांगितलं की हे दार आहे, हा तुमचा खरा पलंग आणि ही खरी भिंत. आजोबांना पटेना. तेव्हा आजी पुढे झाल्या. त्यांनी नवऱ्याला बिजागरीच्या जागी उभं केलं, त्याचा हात ताठ बाहेर काढला आणि म्हणाल्या, हां, आता उघडा. आजोबा दार होऊन फिरले आणि पलंगावर दाणकन आपटले. मागचे लोक खो खो हसले. मग एक पोक्त गृहस्थ स्वयंपाकघराचं दार झाले, त्यांचा मुलगा न्हाणीघराचं. बापलेक मध्येच एकमेकांवर धडकले. हसता हसता एकेक जण वाकून रेघा मोजायला लागला. कुणीतरी म्हणालं, अहो, मी तर नुसतं माहितीपत्रक बघून नोंदवून बसलोय.

तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांनी जमीन पाहिली. ओरडल्या नाहीत. लोकांसमोर त्या कधीच ओरडायच्या नाहीत. जवळ येऊन ओठ न हलवता म्हणाल्या, "पूस."

"पुसते," गुण्या म्हणाली, आणि तिचा आवाज मात्र सगळ्यांना ऐकू गेला. "यातली एक रेघ चुकलेली दाखवा, मॅडम. एक. मी अख्खी जमीन पदराने पुसेन."

अंगात कुडता होता, पदर कुठला आला. पण रागात माणूस असंच बोलतो.

मॅडमनी खाली बघितलं. बघावंच लागलं त्यांना. आयुष्यभर नकाशे तपासलेली बाई ती, नजर आपोआप रेघेवरून फिरली. बिजागरीपासून पलंगापर्यंत, पलंगापासून भिंतीपर्यंत. मग त्या म्हणाल्या, "रेघ बरोबर आहे." आणि थोडं थांबून, "सही मात्र विसर."

"विसरले," गुण्या म्हणाली.

बोलून तर गेली. सोपं नसतं ते. वर्ष गेलं होतं, पुढच्या परीक्षेला समोर याच बाई बसणार होत्या, आणि आईला काय सांगायचं याचा पत्ता नव्हता. पण जागेवरून ती हलली नाही.

लोकांच्या मागून ताई पुढे आली. भाऊजी बरोबर होते. आज कोपऱ्यातल्या फ्लॅटची नोंदणी करायची होती. तिने सगळं ऐकलं होतं. चेहरा लालेलाल. गुण्याला वाटलं, आता कानफटात बसते.

"तुला मी काय सांगितलं होतं?" ताई म्हणाली.

"ऐकलं नाही मी," गुण्या म्हणाली. "ताई, घ्यायचं तर घे घर. मी आडवी येणार नाही. फक्त तुझं जे काही या खोलीत यायचं आहे ते इथे काढून बघ. मग माझ्याशी जन्मभर बोलू नकोस." आणि तिने खडू पुढे केला.

ताईने खडू हिसकावूनच घेतला. भाऊजींचा हात धरून, पोट सांभाळत ती खाली बसली. क्षणभर तिने जमिनीकडे पाहिलं, पलंग आणि कपाटाच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीकडे. मग तिथे एक चौकोन काढला.

"हा पाळणा," ती मॅडमकडे बघून, जवळजवळ धमकी दिल्यासारखी म्हणाली. "बसतो. व्यवस्थित बसतो."

गुण्या तिच्याशेजारी बसली. तो चौकोन दोन वितींचाही नव्हता. तिला रडू आलं, कारण ताई खोटं बोलत नव्हती. जागा होती तेवढाच पाळणा तिच्या हाताने काढला होता. आयुष्यभर ती हेच करत आली होती.

"ताई," ती हळूच म्हणाली, "बाळ एवढंसं नसतं गं."

भाऊजी खाली वाकले. एक हात त्यांनी चौकोनाच्या एका टोकाला ठेवला आणि दुसरा, बाळ जेवढं असतं तेवढ्या अंतरावर, जमिनीवर टेकवला. दुसरा हात दाराच्या वर्तुळात पडला होता.

ताईने तळव्याने चौकोन पुसला. मग नवऱ्याच्या एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत तिने पाळणा पुन्हा काढला, मोठा, वाकडातिकडा, दाराचं वर्तुळ कापत गेलेला. खडू जोरात दाबल्यामुळे मध्येच मोडला, तर उरलेल्या तुकड्याने काढला. उठून तिने हात झटकले आणि मॅडमना म्हणाली, "कोपऱ्यातला नको आम्हाला. आणि हिने काढलेलं कुणी पुसायचं नाही. मागे अजून लोक उभे आहेत, त्यांना बघू दे."